येणाऱ्या जीवाचे स्वागत : प्रसूतीपूर्वीची तन-मनाची तयारी
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

 

सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी धर्मसभेत बाळंतपणाचा विषय का घ्यावा, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. हा विषय बायकांचा, माजघरातला, दबक्या आवाजात बोलण्याचा, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु तीर्थंकरांच्या पाच कल्याणकांकडे पाहावे. दीक्षा, केवलज्ञान आणि निर्वाण ही तीन पुढची होत. त्यांच्या आधीची दोन, च्यवन अथवा गर्भ आणि जन्म, ही मातेच्या आश्रयाने घडतात. ज्या धर्माने गर्भकाळालाच कल्याणक मानले, त्या धर्माच्या अनुयायांना हा विषय परका कसा असेल?

त्रिशला मातेची चिंता

श्वेतांबर परंपरेत पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते, चौदा स्वप्नांचा सोहळा होतो. त्याच ग्रंथात एक हृद्य प्रसंग आहे. आपल्या हालचालीने मातेला क्लेश होऊ नयेत, म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल झाले. मातेला मात्र त्या स्तब्धतेने सुख लाभले नाही. गर्भाला काही अपाय तर झाला नाही ना, ह्या शंकेने त्रिशला माता शोकाकुल झाली. राजवाड्यातील गाणेबजावणे थांबले. मातेचे दुःख जाणून भगवंतांनी हालचाल केली, तेव्हा तिला हर्ष झाला. आणि माता-पिता हयात असेपर्यंत दीक्षा घ्यावयाची नाही, असा अभिग्रह भगवंतांनी गर्भातच धारण केला.

ह्या कथेतून मातृभक्तीचा बोध दरवर्षी सांगितला जातो व तो यथार्थच आहे. पण आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बाळाची हालचाल थांबल्याचे सर्वांत प्रथम कळले ते मातेला. आणि तिची चिंता कोणी हसण्यावारी नेली नाही. आजचे प्रसूतिशास्त्र हेच सांगते. सुमारे अठ्ठावीस आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाच्या हालचालीची एक रीत मातेच्या परिचयाची होते. दिवस भरत आले की बाळ शांत होते, ही घरोघरी ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. जागा कमी झाल्यामुळे हालचालीचा प्रकार थोडा बदलेल. ती मंदावू मात्र नये. सुनेने “आज बाळ नेहमीसारखे हलत नाही” असे म्हटले, तर “उद्या पाहू” हे उत्तर देऊ नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. दहा वेळा शंका निराधार ठरली तरी बिघडत नाही. एकदा खरी ठरलेली शंका दुर्लक्षिली गेली, तर आयुष्यभराचा पश्चात्ताप उरतो.

तप, पथ्य आणि दोन जीव

कल्पसूत्रात त्रिशला मातेच्या आहाराचेही वर्णन आहे. अति उष्ण नाही, अति शीत नाही, अति तिखट वा अति कडू नाही. ऋतूला मानवेल आणि गर्भाला हितकर होईल असा तिचा आहार-विहार होता. उपोषणाने देह कृश करण्याचा मार्ग त्या काळात तिने धरलेला नाही.

समाजात तपश्चर्येला मोठा मान आहे व तो असावाच. परंतु गरोदर स्त्रीच्या बाबतीत विवेक हवा. पुण्याकडे डिसेंबरात सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो व सूर्योदय सकाळी सातच्या सुमारास. चौविहार आणि त्यावर नवकारशी धरली, तर पाण्याच्या थेंबाविना जवळजवळ चौदा तास जातात. आठव्या-नवव्या महिन्यात पोटावर दाब असतो, एका वेळी फारसे खाता येत नाही, घशाशी जळजळते, थोडे थोडे पण वारंवार खावे लागते. पाणी कमी पडले की चक्कर येते, लघवीचा दाह होतो, अवेळी कळाही सुरू होऊ शकतात. अशा स्त्रीने अठाई करावी म्हणून आग्रह धरणे, किंवा ती करत नाही म्हणून तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहणे, हे धर्माला धरून नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तीर्थंकर नामकर्माची सोळा कारणे सांगितली आहेत. त्यांत त्याग आणि तप ही दोन्ही शक्तीनुसार करावीत असे स्पष्ट म्हटले आहे. पच्चक्खाणातही आगार, म्हणजे सवलती ठेवलेल्या असतात. मातेने पच्चक्खाण घेतले तरी पोटातील जीवाने ते घेतलेले नसते, हे विसरून चालणार नाही. ज्या भगिनीला नियम सोडवत नाही, तिने डॉक्टरांचा सल्ला आणि गुरुभगवंतांची आज्ञा ही दोन्ही आधीच घ्यावी. त्या नऊ महिन्यांत स्वाध्याय, जप, मौन, क्रोधाचा त्याग अशी पुष्कळ तपे करता येतात आणि त्यांनी कोणाचीच उपासमार होत नाही.

कंदमुळे व अंडी वर्ज्य असली म्हणून जैन आहार उणा ठरत नाही. मात्र तो जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. मूग, मटकी, हरभरा, तूर ही प्रथिनांची साधने आहेत. नाचणी व तीळ ह्यांत कॅल्शियम आहे. बाजरी, राजगिरा, खजूर, अहळीव ह्यांतून लोह मिळते व लिंबू-आवळ्याच्या जोडीने ते अधिक अंगी लागते. बी-१२ हे जीवनसत्त्व शाकाहारात दूध, दही, ताक व पनीर ह्यांतूनच मिळते. म्हणून दूधदुभते टाळणाऱ्या स्त्रीने ते तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय होय. रक्त कमी असलेल्या स्त्रीला प्रसूतीतील थोडाही रक्तस्राव सोसत नाही. लोहाची गोळी कमीत कमी १८० दिवस नियमाने घ्यावी. ती चहाबरोबर वा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये.

नवव्या महिन्यात भरपूर तूप प्यायल्याने सुटका सोपी होते, असे वडीलधारी मंडळी प्रेमाने सांगतात. तूप पोटात जाते; प्रसूतिमार्गाशी त्याचा संबंध येत नाही. बेताचे तूप अन्नाला रुची आणते, अतिरेकाने केवळ वजन वाढते. दिवस उलटले म्हणून घरीच एरंडेल पाजण्याचा प्रकार तर पूर्णपणे टाळावा.

शरीराची सिद्धता

बाळंतपण हे श्रमाचे काम आहे आणि श्रमाची सवय आधी करावी लागते. आजीच्या पिढीला दळण-कांडण, उकिडवे बसून सारवणे, विहिरीचे पाणी भरणे ह्यांतून ती आपोआप होत असे. सदनिकेत राहणाऱ्या सुनेला ती ठरवून करावी लागते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चालावे. पाय जुळवून गुडघे हलकेच बाजूस टेकविणारे बद्धकोनासन, कंबरेला विसावा देणारे मार्जारासन आणि कटीतळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम, हे जाणकाराच्या देखरेखीखाली करावेत. शेवटच्या तीन महिन्यांत उताणे न झोपता कुशीवर झोपावे. डावी कूस उत्तम.

ह्याच संदर्भात व्यापारी बंधूंना एक नम्र सूचना करावीशी वाटते. अनेक दुकानांत, विशेषतः कापडाच्या दुकानांत, साड्या दाखविणाऱ्या मुली सकाळपासून रात्रीपर्यंत काउंटरमागे उभ्या असतात. त्यांच्यापैकी एखादी गरोदर असेल, तर तिला एक स्टूल देण्यास किती खर्च येतो? दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेतील पात्र स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळण्याचा हक्क आहे. त्यांपैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. पहिल्या दोन अपत्यांनंतर ही रजा १२ आठवड्यांची होते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रावर काम करणाऱ्या भगिनींनाही हे ठाऊक असावे. जीवदया पांजरपोळापुरती नाही. ती गल्ल्यापासून सुरू होते.

मनाची सिद्धता

इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड ह्यांनी ‘चाइल्डबर्थ विदाऊट फिअर’ ह्या ग्रंथात एक साधे सूत्र मांडले. भयाने शरीर आखडते, आखडलेल्या शरीरात वेदना वाढते आणि वाढलेली वेदना पुन्हा भय निर्माण करते. हे चक्र तोडण्याचा मार्ग म्हणजे पुढे काय होणार ह्याचे यथार्थ ज्ञान, आणि श्वासावर चित्त ठेवून देह सैल सोडण्याचा अभ्यास.

देह सैल सोडणे ह्याला जैन परंपरेत फार जुने नाव आहे, ते म्हणजे कायोत्सर्ग. कायोत्सर्गाचे माप घड्याळाने नव्हे, श्वासोच्छ्वासाने केले जाते. एका लोगस्सचा कायोत्सर्ग पंचवीस श्वासोच्छ्वासांचा. दिगंबर परंपरेत नऊ वेळा णमोकार मंत्र सत्तावीस श्वासोच्छ्वासांत. प्रसूतीची एक जोराची कळ साधारण मिनिटभर टिकते. तेवढ्या वेळात शांतपणे घेतलेले दहा-बारा श्वास होतात. म्हणजे जी श्राविका पंचवीस श्वास स्थिर राहू शकते, तिच्याजवळ दोन कळा पार करण्याइतकी शिदोरी आधीच आहे. सातव्या महिन्यापासून रोज कायोत्सर्गाचा असा सराव केला, तर ऐनवेळी तो कामी येतो. कळ संपली की पुढची येईपर्यंत विसावा असतो, हेही तिला आधीच सांगितलेले असावे.

वेदना मुळीच होणार नाहीत, असे कोणी म्हणू नये. आणि इतके करूनही शस्त्रक्रिया करावी लागली, तर त्यात स्त्रीचा कमीपणा मानू नये. बाळ आडवे असते, वार खाली असते, नाडीचे ठोके मंदावतात. अशा वेळी तीच शस्त्रक्रिया दोन जीव वाचविते. सिझेरियन का करावयाचे, हे डॉक्टरांना शांतपणे विचारण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. पण शेजारणीच्या बाळंतपणाशी तुलना करून सुनेला टोमणे मारण्याचा नाही.

मनाच्या तयारीत घरच्यांचे मनही येते आणि इथे एक कटू सत्य बोलणे भाग आहे. २००१ च्या जनगणनेत जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के, म्हणजे सर्व धर्मीयांत सर्वाधिक होती. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे जैन मुली मात्र ८७० होत्या. मुंगी वाचवून चालणाऱ्या समाजाला ह्या आकड्याचे उत्तर द्यावे लागेल. गरोदर सुनेला भेटावयास आलेला प्रत्येक जण “मुलगाच होऊ दे” असा आशीर्वाद देतो, तेव्हा तिच्या मनावर किती ओझे पडते ह्याची कल्पना कोणी करीत नाही. प्रसूतीची कळ सोसताना “मुलगी झाली तर?” हे भय तिच्या मनात असेल, तर कोणत्याही कायोत्सर्गाने ते जाणार नाही. ते घरच्यांनीच काढावयाचे आहे. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ हे श्वेतांबर परंपरेत स्त्रीरूपात वंदिले जातात, ह्याचे स्मरण ह्या प्रसंगी ठेवावे.

सोबत

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात मरुदेवी मातेचे दिवस भरत आल्यावर देवी तिच्याभोवती राहून काव्यगोष्टी करतात, कोडी घालतात व तिचे मन रमवितात असे सुंदर वर्णन आहे. चरकसंहितेतही नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावे, आणि स्वतः अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ व कुशल स्त्रिया जवळ असाव्यात, असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली हेच सुचविले. प्रसूतीच्या वेळी स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी. अनेक देशांतील चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात असे दिसले आहे की, अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांची प्रसूती अधिक वेळा नैसर्गिक होते व वेळही कमी लागतो. “तिच्या पसंतीची” हे शब्द महत्त्वाचे आहेत. ती आई असेल, सासू असेल, नणंद असेल वा पती असेल. निवड तिची असावी आणि आधीच झालेली असावी.

सोबत नसल्याचे दुःख काय असते, ते महाराष्ट्राने डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या रूपाने पाहिले आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या प्रसूत झाल्या आणि अवघ्या दहा दिवसांचे बाळ गेले. त्या दुःखातून निघून त्या सातासमुद्रापलीकडे गेल्या व १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

ह्या परिसराचेही एक ऋण आहे. एके काळी सूतिकाज्वराने कित्येक बाळंतिणी जात असत. त्या जंतूंवर पेनिसिलिनचा उतारा सापडला आणि भारतात तो तयार करण्यासाठी १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो पिंपरीतच. सर्व प्रयत्नांचे फळ म्हणून २०१८-२० ह्या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ पर्यंत खाली आले. उरलेले मृत्यूही बहुतांशी टाळता येण्यासारखे आहेत.

घरची पूर्वतयारी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल चांगली आहे. परंतु निर्णय सातव्या महिन्यातच घ्यावा. नवव्या महिन्यात धक्के खात प्रवास करू नये. माहेरी जाताना तपासण्यांची फाईल बरोबर असावी आणि तेथील डॉक्टरांकडे आधीच नाव नोंदवावे.

चाकण, मोशी, भोसरी भागात राहणाऱ्यांनी रस्त्याचा विचार आधी करावा. शिफ्ट सुटण्याच्या वेळी चाकणचा तळेगाव चौक वा नाशिक फाटा ओलांडण्यास किती वेळ लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. रात्रीच्या पंधरा मिनिटांच्या अंतराला सायंकाळी तास लागू शकतो. पहिलटकरणीला साधारण दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे असे सांगतात. दूर राहणाऱ्यांनी त्याआधीच निघावे. पाणमोट फुटणे, रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, आकडी, ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणे ह्यांपैकी काहीही झाल्यास कळांची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. शासकीय रुग्णालयांत जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे व रक्त विनामूल्य आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला विनामूल्य तपासणी होते. चाकणचे ग्रामीण रुग्णालय आणि महानगरपालिकेचे संत तुकारामनगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही नावे घरातील मोलकरणीला व दुकानातील कामगारालाही सांगून ठेवावीत.

पत्नीचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह असल्यास अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास द्यावयाच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावे. रक्त देऊ शकतील अशा दोन-तीन नातलगांची नावे लिहून ठेवावीत. खर्चाचा अंदाज व विम्याच्या अटी आधी समजून घेतल्या, तर ऐनवेळी धावपळ होत नाही. व्यापारात दिवाळीच्या मालाची तजवीज आषाढातच करणारा गृहस्थ घरच्या बाळंतपणाची तजवीज कळा सुरू झाल्यावर करतो, हे शोभत नाही.

बाळंतविड्याबद्दल दोन शब्द. नव्या कापडाला खळ असते, चकाकी आणणारे द्रव्य असते. बाळाच्या कोवळ्या त्वचेला ते बोचते. म्हणून झबली, टोपडी, दुपटी, लंगोट ही साध्या सुती मलमलीची असावीत आणि दोनदा धुऊन, उन्हात वाळवून ठेवावीत. जर, टिकली, कृत्रिम धागा ह्यांचे कपडे बारशाच्या फोटोपुरते ठेवावेत. आजीच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे दुपटे हे बाजारातील कोणत्याही महागड्या कापडाहून सरस असते.

जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला आईचे दूध द्यावे. पहिला पिवळसर चीक काढून टाकू नये. तीच त्याची पहिली लस होय. मध चाटविण्याची प्रथा काही घरांत शिरली आहे. जैनांना मध अभक्ष्य आहेच आणि वैद्यकानेही एक वर्षाखालील बाळाला मध निषिद्ध ठरविला आहे. सूतकाचे दिवस पाळताना बाळंतिणीचे सोवळे जपावे, पण तिला एकटे पाडू नये. दोन आठवड्यांनंतरही तिचे डोळे भरून येत असतील, झोप उडाली असेल, बाळाविषयी मन उदास असेल, तर तो स्वभावदोष नसून आजार आहे. त्यावर उपचार होतात.

ट्रस्टपुढील कार्य

संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना पुढील वाटचालीसाठी एक संकल्प सुचवावासा वाटतो. महिन्यातून एक दुपार सभागृह गरोदर भगिनींसाठी, जातिधर्म न पाहता, खुले असावे. स्त्रीरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि एखादी अनुभवी आजी त्यांच्याशी बोलेल. युवक मंडळाने रक्तदात्यांची यादी आणि रात्री-अपरात्री गाडी काढू शकणाऱ्या दहा घरांचे दूरध्वनी क्रमांक फलकावर लावावेत. महिला मंडळाने परप्रांतातून चाकणला आलेल्या, ज्यांना इथे ना माहेर ना सासर अशा कामगार स्त्रियांना बाळंतविडा द्यावा आणि सोबत करावी. ह्याला मोठा निधी लागत नाही; लागते ती आस्था.

दरवर्षी चैत्र शुद्ध त्रयोदशीला भगवंतांचा पाळणा हलविला जातो, बोली लागतात, सारे भान हरपून नाचतात. त्या पाळण्याची दोरी हाती धरताना, आपल्या घरात वा शेजारच्या चाळीत कोणी त्रिशला दिवस मोजत आहे का, तिला भय वाटते का, तिच्याजवळ कोणी आहे का, एवढा विचार प्रत्येकाने करावा. असे झाले तर जन्मकल्याणक खऱ्या अर्थाने साजरे झाले असे म्हणता येईल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र! जय महावीर!